निळी की करडी?

४ जून

भुंग्या,

आशीर्वाद आहेतच. पण आज कामाचं बोलायचंय.

फोन करत नाहीये, कारण फोनवर तू "हो मावशी, बघतो मावशी" म्हणून सुटतोस. कागदावर विचारलं की माणसाला कागदावर उत्तर द्यावं लागतं.

आमच्या क्लबची व्हॅन मेली. परवा सराव संपवून परतताना चढावर धूर ओकून जी बसली ती हललीच नाही. मी, माझ्या चार पोरी आणि चेंडूंचं पोतं, सगळं लटांबर एका दूधवाल्या टेम्पोत बसून घरी आलं. पोरींना मजा वाटली. मला नाही वाटली. या वयात टेम्पोच्या फळीवर बसून पाठ मोडून घ्यायला मी व्हॉलीबॉलची कोच झाले नव्हते.

तर समितीनं नवी गाडी घ्यायला होकार दिलाय. खजिनदारांनी तोंड वाकडं केलं, पण दिलाय. मोठी गाडी परवडणार नाही, बारकी चढणार नाही, म्हणून ती मधली, छोटी एसयूव्ही म्हणतात ती घ्यायची. मग मी तुझ्या मासिकाचा मे महिन्याचा अंक काढला. तुझा लेख तीनदा वाचला, एकदा तर चष्मा पुसून. त्या दोन गाड्यांची नावं डोकेदुखीच्या गोळ्यांसारखी आहेत, माझ्या जिभेवर बसत नाहीत. फोटोत एक निळी आहे, एक करडी. मी तसंच म्हणणार.

तू निळीला पहिला नंबर दिलायस. छताला काच, मोठा पडदा, बसल्याजागी पाठ गार करणारी सीट. त्याचं मला काही नाही. पण एक वाक्य आहे: "पाच जण आणि सामान घेऊनही निळी घाटातून आत्मविश्वासाने उतरते." हे माझ्या कामाचं. सरावाचा हॉल डोंगराच्या पलीकडे आहे, बाकीचा संघ तिकडचाच. आठवड्यातून दोनदा हा घाट मला चार पोरी घेऊन चढायचा आणि उतरायचाय. चालवणार मी.

तेव्हा एवढंच सांग. निळी घेऊ ना?

तुझी मावशी

९ जून

प्रिय मावशी,

तू माझा लेख वाचलास हे ऐकून बरं वाटलं. घरात आईसुद्धा फक्त फोटो बघते.

तुझा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही गं. दोन्ही गाड्या आपापल्या जागी उत्तम आहेत. निळीचं टर्बो इंजिन झकास आहे, ऑटोमॅटिक गिअर असल्यामुळे डाव्या पायाला आराम. करडी थोडी जुन्या वळणाची, गिअर हातानं टाकायचे, पण मागची डिकी मोठी, तुझं चेंडूंचं पोतं आरामात मावेल. निळीचं मायलेज कागदावर जास्त आहे. करडीचं सस्पेन्शन कडक आहे, खड्डे जाणवतात, काहींना आवडतं, काहींना नाही. शेवटी ज्याची त्याची गरज असते. मी नेहमी म्हणतो, गाडी डोक्यानं निवडावी आणि मनानं चालवावी.

दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह घे. सीटवर बसून बघ. समोरचं नीट दिसतंय का बघ, तुझी उंची जरा बेताची आहे (रागावू नकोस). आणि मग तुला जी पटेल ती घे.

घरी सगळं ठीक. बायकोला सातवा लागलाय. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम, पण ती मला दिवसातून दहा वेळा विचारते, उत्तम म्हणजे किती उत्तम.

तुझा,
भुंग्या

१४ जून

भुंग्या,

गरज तर मी तुला लिहिली होती. चार पोरी, एक पोतं, एक घाट. आणखी किती गरज लिहू?

आणि ही काय भाषा? मासिकात तू छातीठोकपणे निळीला पहिली आणलीस. मावशीनं विचारलं तर "काहींना आवडतं, काहींना नाही." मी तीस वर्षं सामन्यांत पंच म्हणून उभी राहिले आहे. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे विचारल्यावर जो पंच म्हणतो "दोन्ही बाजू उत्तम खेळल्या", त्याला मैदानातून हाकलतात.

तू सांगितलंस म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेतली. खजिनदार सोबत आले. करडीत बसल्यावर त्यांचं तोंड आणखी वाकडं झालं. सीट कडक, पडदा एवढासा, पण बटणं खरीखुरी, दाबली की कळतं काहीतरी दाबलं. निळीत शिरल्यावर मात्र त्यांनी छताची काच उघडून जे वर बघायला सुरुवात केली ते शोरूम येईपर्यंत बघतच होते. मला म्हणाले, "मॅडम, मुलींना आकाश दिसेल." मी म्हटलं, मुलींना नेट दिसलं तरी पुरे.

निळी चालायला मऊ आहे, खोटं कशाला बोलू. पण चालवली कुठे, तर शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर. दाखवायला आलेली मुलगी गुणी होती. तिला म्हटलं, घाटात घेऊ. म्हणाली, "मॅडम, रूट ठरलेला असतो." मी म्हटलं, मग उतारावर ही कशी वागते ते मला कसं कळणार? तर तिनं मला काउंटरपाशी नेलं. तिथे, भुंग्या, तुझा लेख काचेच्या फ्रेममध्ये लावलाय. आणि ते आत्मविश्वासाचं वाक्य पिवळ्या रंगानं ठळक केलंय. शेजारी तुझा फोटो. पोट आत घेतलेला.

ती मुलगी म्हणाली, "एवढ्या मोठ्या पत्रकारांनी लिहिलंय, मॅडम."

माझा ऊर भरून यायला हवा होता. पण तुझं ते गुळमुळीत पत्र माझ्या पर्समध्ये होतं. म्हणून परत विचारते, आणि या वेळी मला सस्पेन्शन नको, मायलेज नको. ते वाक्य खरं आहे का? हो किंवा नाही.

मावशी

१९ जून

मावशी,

लेखावर माझं नाव आहे, म्हणजे लेख माझाच आहे. यात हो-नाही करण्यासारखं काय आहे? एवढी शंका येत असेल तर करडी घे आणि मोकळी हो. मी तुला निळीच घे म्हणून कधी गळ घातली?

अंक छपाईला जातोय, मान वर करायला फुरसत नाही. तू पंच आहेस हे मान्य, पण मी तुझ्या मैदानात नाहीये.

भुंग्या

२७ जून

भुंग्या,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोनांत ज्या शिव्या होत्या त्या तुझ्या आईच्या वाचनात आल्या असत्या तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

काल ताईकडे गेले होते. खजिनदारांनी निळीच पक्की केली होती, सोमवारी पैसे भरायचे होते, म्हटलं जाताजाता बहिणीला आनंदाची बातमी द्यावी. तर तिच्या दारात करडी गाडी उभी. नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मी विचारलं, ही कुणाची?

ताई कौतुकानं फुलली. "अगं, भुंग्यानं घेतली. सूनबाईला दवाखान्यात न्यायला. लेख लिहायच्या आधीच नोंदवून ठेवली होती, आता हातात आली. म्हणतो, आई, माझं बाळ यातच घरी येणार."

लेख लिहायच्या आधीच.

म्हणजे तू पेन उचललंस तेव्हाच तुला माहीत होतं की तुझं बाळ कुठल्या गाडीतून घरी येणार. आणि मग तू दुनियेला सांगितलंस, दुसरी घ्या. मी तुला एकदा विचारलं, दुसऱ्यांदा "हो किंवा नाही" असं लेकराला समजावून विचारतात तसं विचारलं. तू मला "मैदानात नाहीये" म्हणून ऐकवलंस.

तुझ्या बायकोच्या पोटातलं ते बाळ, आणि माझ्या पोरी म्हणजे काय, चेंडू? त्यांनाही कुणीतरी पोटात वागवलंय. त्यातली उंच पोर आहे ना, तिची आई दर वेळी फाटकापाशी उभी राहून माझ्या गाडीत बसलेल्या पोरीकडे वळणापर्यंत बघत असते. मी तिला काय सांगणार होते? माझ्या भाच्यानं लिहिलंय, आत्मविश्वासानं उतरते?

सोमवारचे पैसे मी थांबवलेत. खजिनदार माझ्याशी बोलत नाहीत. मला त्याचं काही नाही.

निळीत काय खोट आहे ते मला लिही. सगळं. आणि हे पत्र वाचून फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर मी काय बोलेन याचा माझाच मला भरवसा नाही.

मावशी

१ जुलै

मावशी,

आईला सगळं सांगून यात ओढायची काय गरज होती? ती दोन दिवस रडतेय. तिला वाटतंय मी काहीतरी चोरी केलीये.

तुला हवंय ना सगळं, तर ऐक.

मार्चमध्ये निळीच्या कंपनीनं आम्हा पत्रकारांना डोंगरावरच्या एका हॉटेलात नेलं होतं. विमानानं नेलं, ठेवलं, खाऊपिऊ घातलं. दुसऱ्या दिवशी गाड्या हातात दिल्या. आमच्या गाडीत चौघं होतो, मागे सगळ्यांच्या बॅगा. चढताना भन्नाट. उतरताना सातआठ वळणांनंतर जळका वास यायला लागला. मग ब्रेकचं पेडल मऊ पडलं. दाबलं की खाली जातं, आणखी दाबलं की आणखी खाली. गिअर ऑटोमॅटिक, उतारावर तो आपोआप वरचा गिअर टाकतो, म्हणजे इंजिन गाडीला अडवून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. गाडीत माणसं कमी असली तर चालून जातं. भरली की नाही. मी कशीबशी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. मागे बसलेला एक जण उतरून रस्त्याच्या कडेला ओकला.

कंपनीचा इंजिनियर म्हणाला, ही नमुन्याची गाडी आहे, विकायच्या गाड्यांत सुधारणा होणार आहे. मी ते तसंच लेखात लिहिलं. घडलं ते सगळं, आणि त्याचं म्हणणंही. संपादकांनी तो परिच्छेद काढला आणि त्या जागी ते आत्मविश्वासाचं वाक्य घातलं. मागच्या कव्हरवर वर्षभर कोणाची जाहिरात असते ते एकदा अंक उलटा करून बघ. मी भांडलो नाही असं नाही. भांडलो. ते म्हणाले, सुधारणा होणारच आहे तर लोकांना घाबरवायचं कशाला? आणि तुझ्या घरी बाळ येणार आहे ना?

हे असं आहे. तुला काय वाटतं, मी मजेत आहे? शोरूममधली ती फ्रेम मीही बघितली आहे. तुला बोलायला सोपं आहे. तू आयुष्यभर शाळेत पक्की नोकरी केलीस, शिट्टी फुंकलीस, चुकलं त्याला मैदानाबाहेर काढलंस. मला ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच पैशावर जगावं लागतं. आमच्या धंद्यात सगळेच असे आहेत. मी एकट्यानं धुतल्या तांदळासारखं राहून कोणाचं भलं होणार होतं?

आता तुला कळलं. करडी घे. आणि हा विषय बंद कर.

भुंग्या

६ जुलै

भुंग्या,

विषय बंद. वा.

मला कळलं, कारण मी तुझी मावशी. तुझ्या बाकीच्या वाचकांना मावशा नाहीत? त्यांच्या घरी कोणी पोटुशी नाही? त्यांनी कोणाच्या दारात जाऊन करडी बघायची?

तू म्हणतोस मी फक्त शिट्टी फुंकली. एक सांगते. एका सामन्यात पालकमंत्र्यांच्या भाचीचा चेंडू बाहेर पडला होता. मी बाहेर दिला. पुढची दोन वर्षं मला शाळेच्या अडगळीच्या खोलीत बसून डंबेल्स मोजायला लावलं होतं. तुझी आई तेव्हा म्हणाली होती, काय मिळालं तुला? मला काही मिळालं नाही. चेंडू बाहेर होता, एवढंच.

"नमुन्याची गाडी होती, सुधारणा होणार आहे." झाली का मग? तू परत चालवून बघितलीस? नाही ना? तुला जाणून घ्यायचंच नव्हतं. न बघता माणूस निवांत झोपू शकतो.

मी बघणार आहे. शोरूमच्या मॅनेजरला सांगितलंय, भरल्या गाडीनं घाट उतरून दाखवा, नाहीतर करडी घेते. तो हसला, म्हणाला मी स्वतः येतो. येत्या रविवारी सकाळी. खजिनदार येणार आहेत, कारण त्यांना मला खोटं पाडायचंय. एक जागा रिकामी आहे. ये. मागच्या सीटवर बस आणि तुझं वाक्य स्वतः उतरून बघ.

मावशी

९ जुलै

मावशी,

मी येणार नाही. आणि तूही असलं वेडं धाडस करू नकोस. कोणी मेलं तर? हा खेळ नाही. मी आईला सांगतोय तुला अडवायला.

भुंग्या

१५ जुलै

भुंग्या,

ताई आली होती अडवायला. मी तिला चहा दिला आणि निघाले.

सगळं लिहिते, कारण तू नव्हतास.

घाट मला तोंडपाठ आहे. खालून तिसऱ्या वळणाशी दगडखाणीकडे जाणारा एक कच्चा रस्ता वर चढतो. गाडी हाताबाहेर जाते असं वाटलं तर त्या चढावर घालायची, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यामुळे मला अगदीच वेडी समजू नकोस. निघण्यापूर्वी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं, "भरल्या गाडीत हिचे ब्रेक गरम होऊन धरत नाहीत असं मी ऐकलंय. बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा." तो मला समजावू लागला, अगदी गोड आवाजात, पत्रकारांनी काय लिहिलंय ते. म्हणजे तू काय लिहिलंयस ते.

पुढे माझ्या शेजारी मॅनेजर, अत्तराचा घमघमाट. मागे खजिनदार, ती गुणी मुलगी आणि रिकाम्या जागेत, जिथे तू बसायला हवं होतंस, वाळूनं भरलेली दोन पोती. डिकीत आणखी दोन. चढलो मजेत. वरून वळवली आणि उतरायला लागले, वेग एखाद्या एसटीपेक्षाही कमी. दोनतीन वळणं झाली. मॅनेजर म्हणाला, "बघितलंत, मॅडम? कशी लोण्यासारखी." खजिनदारांनी छताची काच उघडली.

मग तो वास आला. तू लिहिला होतास तोच. खजिनदार म्हणाले, "बाहेर कोणी टायर जाळतंय का?" मी म्हटलं, बाहेर नाही. पुढच्या वळणाला पाय दाबला तर पेडल खाली गेलं, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. मी ऑटोमॅटिक सोडून गिअर हातानं खालचा टाकला, इंजिन ओरडलं, गाडी जराशी अडली. पेडल परत परत दाबत राहिले, दर वेळी थोडं थोडं धरायचं. मॅनेजर ओरडायला लागला, "मॅडम, ब्रेक! मॅडम, ब्रेक!" मी म्हटलं, "तेच शोधतेय!"

खाणीचा रस्ता आला आणि मी गाडी चढावर घातली. धक्के खात वर गेली आणि थांबली. हँडब्रेकचं बटण ओढलं. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. खजिनदारांनी छताच्या काचेखालचा सरकता पडदा दोन्ही हातांनी पकडून ठेवला होता, तो त्यांच्या हातात आला होता.

आणि भुंग्या, खाली उतरल्यावर तो मॅनेजर मला काय म्हणाला असेल? म्हणाला, "मॅडम, तुम्ही ब्रेक जास्त दाबलेत. लेडीज ड्रायव्हरचं असं होतं."

मी काही बोलायच्या आत ती मागची मुलगी बोलली. पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "सर, याआधी दोन गाड्या याच तक्रारीनं परत आल्यात. आपण त्यांनाही हेच सांगितलं." मॅनेजरनं तिच्याकडे असं बघितलं की मला कळलं, तिची नोकरी गेली. तिलाही कळलं. ती म्हणाली, मी चालत जाते, आणि खरंच चालायला लागली. मी आणि खजिनदार तिच्यासोबत पायी खाली आलो. खजिनदार वाटेत एवढंच म्हणाले, "करडी."

म्हणजे विकायच्या गाड्यांतही सुधारणा झालेली नाही. आता तुझ्याकडे तेही कारण उरलेलं नाही.

तू म्हणशील, कोणी मेलं असतं तर? बरोबर आहे. तिघांना घेऊन मी जे केलं त्यावर तू हवं तेवढं ओरड, मी ऐकून घेईन. पण आधी ओरडायचा हक्क मिळव.

सोबत तुमच्या "वाचक लिहितात" या पानासाठी पत्र पाठवतेय. रविवारी जे घडलं तेच आणि तेवढंच लिहिलंय. तुझं नाव नाही, आपलं नातं नाही. ते पान तूच लावतोस असं ताई म्हणते. छाप किंवा फेकून दे. फेकलंस तर मला कळवू नकोस, अंक आला की कळेलच. मग मात्र माझ्या दारात येऊ नकोस, करडी घेऊनही नाही.

मावशी

५ ऑगस्ट

मावशी,

अंक तुला मिळाला असेलच. तुझं पत्र पूर्ण छापलंय, एक शब्द कापला नाही. संपादक त्या पानाकडे बघत नाहीत, जागा भरली ना एवढंच विचारतात. खाली मी माझ्या सहीनं चार ओळी टाकल्या, त्याही वाचल्या असशील. मे महिन्याच्या अंकातलं घाटाचं वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं नव्हतं, पण माझ्या नावाखाली जाऊ दिलं. मलाही हाच अनुभव आला होता आणि मी स्वतः दुसरी गाडी घेतली.

अंक बाजारात गेल्यावर दुपारी संपादकांनी बोलावलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर फेकला. मलाही दोन वर्षांचं साचलेलं बोलून घ्यायचं होतं, ते बोललो. संध्याकाळी माझं टेबल रिकामं झालं होतं. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. मी उत्तर दिलंय, न्या कोर्टात, तिथे तुमची गाडी घाटात उतरवून दाखवा. अजून काही आलं नाही.

मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटतंय असं समजू नकोस. मला तुझा प्रचंड राग आलाय. तुला करडी घेऊन गप्प बसता आलं असतं. बायको म्हणते, बरं झालं एकदाचं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते. आई म्हणते, तुम्ही दोघं एकाच मातीचे, आणि हे ती कौतुकानं म्हणत नाही.

पण एक पत्र आलंय, ते सोबत जोडतोय. एका माणसाचं आहे. त्यानं माझा लेख वाचून मेमध्ये निळी घेतली. जूनमध्ये त्याची बायको मुलांना घेऊन उतारावरून येताना गाडी कठड्यावर आदळली. मुलं वाचली, तिचा हात मोडला. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, गाडीत दोष नाही, बाईंना ब्रेक दाबता येत नाही. तो लिहितो, "मीही तिला तेच म्हणालो. दीड महिना तेच म्हणत होतो." मावशी, ते पत्र मी एका दमात वाचू शकलो नाही.

भुंग्या

१० ऑगस्ट

भुंग्या,

राग आलाय? येऊ दे. मलाही आहे. तुझ्या चार ओळी वाचून माझा कमी झाला असं मुळीच समजू नकोस. त्या चार ओळी मेमध्ये छापल्या असत्यास तर त्या बाईचा हात आज धड असता. हे तुला आयुष्यभर लक्षात ठेवावं लागेल, आणि मी ते विसरू देणार नाही.

तिला मी पत्र लिहिलं. नवऱ्याला नाही, तिला. मी कोण, काय करते, गाड्या किती वर्षं चालवतेय, आणि त्या रविवारी माझ्या पायाखाली काय झालं, सगळं सांगितलं. लिहिलं की बाई, तुझा पाय बरोबर होता. तुझ्या घरात हे कोणी म्हटलं नसेल तर मी म्हणतेय. पोस्टात टाकून आले तेव्हा रडायला आलं, का कोण जाणे. मी सहसा रडत नाही, तुला माहीत आहे.

शोरूमची ती मुलगी आता आमच्या क्लबची कामं बघते. खजिनदारांनीच आणलं तिला. पैसे कुठून देणार विचारलं तर म्हणाले, छताच्या काचेचे वाचलेत ना.

करडी नोंदवली आहे. पण मागणी अचानक वाढलीये म्हणे, दिवाळी उजाडली नाही तरी यायला बराच वेळ आहे. येत्या शनिवारी डोंगरापलीकडे सामना आहे आणि माझ्याकडे गाडी नाही. तुझ्याकडे आहे, आणि तुला सध्या कामही नाही. सूनबाईला ताईकडे सोड आणि सकाळी इथे ये. पोरी तीनच आहेत, चौथीचा पाय मुरगळलाय.

त्यांना मी सांगितलंय तू कोण आहेस आणि काय केलंस, दोन्ही गोष्टी. उंच पोर तुला बरंच काही विचारणार आहे, तिला हो किंवा नाहीच लागतं. गाडी मी चालवीन. तू मागे बस, दोघींच्या मधे, चेंडूंचं पोतं मांडीवर घेऊन, आणि घाट संपेपर्यंत उत्तरं दे.

मावशी